गुळाचं पाणी

आमच्या गोठ्याला सगळं गाव ‘सिद्धम्माची पागा’ म्हणायचं. चेष्टेनंच म्हणायचं. पागेत जनावरं किती, तर दोन. एक पांढरी मल्लिगी, लग्नाची घोडी. दुसरा भीमा, टांग्याचा, म्हातारा, रस्त्यात उभ्या उभ्या झोपणारा. पण म्हणू द्या की! उमरग्याच्या ह्या अंगाला कुठल्याबी गावात नवरदेवाला बसायला घोडी लागली की माणूस आमच्याच दारात यायचा. तवा न्हाय कुणी हसायचं.

सिद्धम्मा माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची. ती मला इरे म्हणायची, आन् राग आला की इरम्मा. हाडापेरानं बाप्यासारखी. कपाळाला इभूत, गालात तंबाकू. माणसांशी मराठीत बोलायची, घोड्यांशी कानडीत. माणसांशी कमीच बोलायची.

थोरले दीर, महालिंगप्पा, वारले तवा गावाला वाटलं, पागा मोडली. आक्कानं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मल्लिगीला खरारा केला, साज उन्हात घातला आन् पुढच्या लग्नाला सोता लगाम धरून निघाली. बायांनी तोंडं वाकडी केली. रांडाव बाई नवरदेवाच्या म्होरं, अपशकुन न्हाय का? आक्का पारावर उभी राहून म्हणली, “लगाम माझ्या हातात हाय, नवरदेव न्हाय. ज्याला पटत नसंल त्यानं रेड्यावर बसावं.”

तरीबी तिचं चाललं नसतं. चाललं ते दगडाबाईंमुळं. दगडाबाई म्हणजे आण्णासाहेबांच्या आई. आण्णासाहेब सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांच्यावाचून पान हालत नव्हतं. आमच्याकडं लग्नाआधी परण्या निघतो, नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत गावातनं नेतात. तो वेशीतनं आत यायचा, मारुतीच्या पारापाशी थांबायचा, मग आण्णासाहेबांच्या दारात. तिथं घरची थोरली बाई घोडीच्या पायावर पाणी घालायची आन् तळहातावर गुळाचा खडा द्यायची. आक्का पहिल्यांदा लगाम धरून गेली, तवा सगळ्यांचं लक्ष त्या दाराकडं. दगडाबाई आल्या, पाणी घातलं, गूळ दिला, आन् म्हणल्या, “दमली असंल बया.” घोडीला म्हणल्या का आक्काला, ते कुणाला कळलं न्हाय. पण तवापासून तोंडं बंद झाली.

आन् लग्न उरकलं की त्याच घरातनं गुळाच्या पाण्याची घागर पागेत यायची. धुरळ्यानं घोडीचा घसा सुकतो म्हणून. हा दगडाबाईंचा नेम. कधी चुकला न्हाय.

महालिंगप्पांची घोडी शिकवायची रीत अशी, की लगाम वढायचा न्हाय. गुळानं वाट शिकवायची. जिथं थांबायचं तिथं गूळ, बाकी कुठं न्हाय. मल्लिगी त्या वाटेला इतकी सरावली होती की नवरदेव पाठीवर बसला आन् ताशा वाजला की आपल्या पायानं वेशीत शिरायची. आण्णासाहेबांच्या दारात उभी राहून पुढचा पाय उचलून फरशीवर आपटायची, टक, टक. गूळ तोंडात पडला की चालू. तवर नवरदेवाच्या बापानं हात जोडले तरी हलायची न्हाय. लोक हसून हसून मरायचे.

आता त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळाचं दुसरं वरीस. विहिरी तळाला गेल्या, ढोरं वाळून वाळून मेली, माणसं सडकेच्या कामावर खडी फोडीत होती. लग्नं तरी कोण करतंय? पण आक्कानं घोडी जगवली. कडबा सोसायटीच्या डेपोतनं, पाणी आण्णासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीचं. अख्ख्या शिवारात पाणी तेवढंच उरलं होतं. आन् हिरवं गवत आणायची चांगुणा.

चांगुणा बौद्ध वस्तीतली. नवरा कोंडिबा खडीवर, पोरगा बलभीम उमरगा डेपोत एस.टी.चा कंडक्टर. ही बाई खडी फोडून झाली की ओढ्याच्या पुलाखाली, कुठं कुठं वाकून वाकून मूठ मूठ गवत कापायची आन् वटीतनं आणून मल्लिगीला चारायची. एकदा मल्लिगीला पोटशूळ उठला. जमिनीवर लोळायला लागली. चांगुणा आक्कासंगं दिवसभर तिला उन्हात फिरवीत राहिली, बसू दिली न्हाय. घोडी वाचली. तवा आक्का म्हणली, “चांगुणे, तुझ्या बलभीमाच्या लग्नाला मल्लिगी.”

मी तिथंच होते. त्या वस्तीतला नवरदेव घोडीवर? आमच्या गावात? आजवर कुणी बघितला नव्हता. चांगुणा हसली आन् म्हणली, “बघू.” पण ती विसरली न्हाय, आन् आक्का तर न्हायच न्हाय.

बलभीमाचं लग्न रविवारी ठरलं. ती माणसं मुहूर्त बघत न्हायत, सुट्टी बघतात. ते मला बरं वाटतं. गुरुवारी आण्णासाहेब पागेवरनं चालले होते, थांबले. कधी न्हाय ते थांबले. मल्लिगीच्या मानेवरनं हात फिरवला आन् गोड आवाजात म्हणले, “सिद्धम्मा, दुष्काळ हाय. जनावर नाजूक. उगंच दमवू नका.”

“न्हाय दमवत,” आक्का म्हणली.

“तसं न्हवं. जपा, एवढंच.”

एवढंच बोलले. आवाज चढवला न्हाय, डोळे वटारले न्हायत. ते गेल्यावर मी म्हणलं, “आक्का, चांगुणाला सांगा न्हाय जमत म्हणून.” आक्कानं तंबाकू थुंकली. “शब्द दिला न्हवं?” मी म्हणलं, “शब्दाला कडबा घालणार हाय का तुमी?” मला राग आला की माझं तोंड सुटतं.

शनिवारी सकाळी कामं सुरू झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी पागेत बसायला टाईम नसतो. लीद काढायची, गोठा झाडायचा, साज काढायचा, झुलीचा धुरळा झटकायचा, खोगिराचा तंग म्हंजे पोटपट्टा तपासायचा, घुंगरं चिंचेनं घासायची. नाल बघायचे. मल्लिगीचा पुढचा डावा नाल ढिला झाला होता, म्हणून उमरग्याच्या गुलाबभाई नालबंदाला सांगावा धाडला होता. मी कडबा आणायला सोसायटीच्या डेपोत गेले.

डेपोत शिवशरण कारकून. आमच्याच पाव्हण्यातला, लहानपणी माझ्या कडेवर बसलेला. मला बघून टेबलावरचे कागद खालीवर करायला लागला. “काकू, कडबा संपला.” त्याच्या मागं गंजी दिसत होती, छपराला टेकलेली. “ती काय हाय रं मग? भूत हाय?” तर मान खाली. म्हणला, “ती वाटप झालेली हाय. काकू, जावा ना. माझं काय हाय त्यात.” मी त्याला शिव्या घातल्या, त्याच्या आज्यापर्यंत गेले. त्यानं एक अक्षर उलट काढलं न्हाय. तेच मला खटकलं. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

रिकामी परत आले तर आक्का सोताच नाल ठोकत बसलेली. मल्लिगीचा पाय मांडीवर घेतलेला, तोंडात खिळे. गुलाबभाई सडकेपर्यंत आला होता म्हणे. सडकेवर दोघं जण उभे होते, त्यांनी रामराम केला, चहा पाजला, आन् गुलाबभाई तिथनंच माघारी गेला. निरोपसुदिक न्हाय. मी कडब्याचं सांगितलं. आक्कानं शेवटचा खिळा ठोकला, टोक वळवलं, कानशीनं खूर घासला. मग उठली आन् पागेच्या छपरावरचं जुनं, गवताचं शाकार उपसायला लागली. “हे खाईल,” म्हणली. “कडू हाय, पण खाईल.”

सांजच्याला मी पाण्याला गेले. मळ्यातल्या विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी शेंदायच्या जागी, बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. ताज्या तोडलेल्या, काटं अजून पांढरे. दोर न्हाय, रहाट न्हाय. मळ्यात चिटपाखरू न्हाय. मी हाका मारल्या. कुणी वो दिली न्हाय, पण झाडामागं कुणीतरी खाकरलं. मी रिकामी घागर घेऊन अशी पळत आले की चुंबळ कुठं पडली ते कळलं न्हाय.

घरी येऊन मी रडले. “आक्का, तुमाला कळंना का? ही माणसं मारत न्हायत, वरडत न्हायत. एकेक दार लावीत चालल्यात. उद्या मल्लिगी न्हेलीत तर परवा तिला पाणी कुठलं पाजणार?”

आक्का साजाचा पट्टा शिवत होती. सुई थांबली. “न्हाय न्हेली, तरी पाणी त्यांच्याच हातात हाय न्हवं? मग जलमभर त्यांच्या मर्जीनंच लगाम धरायचा.” मग दोरा दातानं तोडून म्हणली, “मला काय भ्या वाटत न्हाय व्हय, इरे? ह्या मुक्या जनावराला काय झालं तर मी कुणाकडं बघून जगू?” तिचा आवाज फाटला. महालिंगप्पा गेले तवाबी मी तसा आवाज ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी चांगुणा दोन घागरी घेऊन आली. वस्तीनं ओढ्याच्या वाळूत झरा उकरला होता, वाटी वाटीनं पाणी भरावं लागायचं. लग्नघरचं पाणी तिनं घोडीला आणलं. मल्लिगी घटाघट प्याली. उरलं ते भीमाला. मग आम्ही तिघींनी ओल्या फडक्यानं मल्लिगीला पुसून काढली. आयाळ विंचरली, कपाळाला गोंडे बांधले. शाकार खाल्लेली घोडी ती, बरगड्या दिसत होत्या, तरी पण काय दिसली हो! माझा राग जरा निवला.

दुपारी कोंडिबा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “सिद्धम्माआक्का, वेशीतनं नको. आमाला मारुतीचं काय करायचंय? वस्तीवरनं सडकेला लागू, सडकेनं शाळेपाशी मंडपात. पोराची हौस झाली, तुमचा शब्द राहिला. लेकरंबाळं हायत वस्तीत.”

आक्का म्हणली, “तुमचं लगीन, तुमची वाट.” मी मनात सिद्धराम देवाला हात जोडले. निरोप आण्णासाहेबांकडं गेला, तिकडनंबी ‘बरं’ आलं. सगळ्यांशी बोलणं झालं. राहिली फक्त घोडी. तिला कुणी सांगितलंच न्हाय. आमच्यासारख्या घोड्यात जलम गेलेल्या बायांच्यासुदिक ध्यानात आलं न्हाय!

ऊन कलल्यावर बलभीम बसला. पांढरा सदरा, निळा फेटा. ताशा वाजला, मल्लिगीनं कान टवकारले. वस्तीपासून निघालो ते जिथं सडक आन् वेशीची वाट फुटते तिथं आलो. माणसं सडकेकडं वळली. मल्लिगी वेशीकडं.

“आक्का!” मी वरडले. आक्काच्या हातात लगाम होता, सैल. तिनं वढला असता तर वळली असती घोडी. आक्कानं एकदा घोडीकडं बघितलं. मग वर बलभीमाकडं बघितलं. पोराचं तोंड उतरलं होतं, पण त्यानं ‘थांबा’ म्हणलं न्हाय. आक्का हळूच म्हणली, “नडी, अव्वा.” चल, माय. रोज म्हणायची तशीच. आन् घोडी वेशीतनं आत शिरली.

ताशेवाल्यांचे हात आपोआप थांबले. गल्लीतली दारं लागलेली. पारावर बसलेली माणसं उठली न्हायत, बोलली न्हायत, नुसती बघत राहिली. नालाचा आवाज तेवढा. पारापाशी घोडी घटकाभर थांबली, गूळ मिळाला न्हाय तरी पुढं निघाली. मला वाटलं, सुटलो.

आण्णासाहेबांच्या दारात ती उभी राहिली. दार बंद. पाय उचलून फरशीवर टक, टक.

आतनं दगडाबाईंचा आवाज आला, “घोडी आली का गं? गूळ कुठाय?” मग आतली कडी वाजली, आन् आवाज बंद झाला. माडीच्या खिडकीत आण्णासाहेब उभे होते. हात मागं बांधलेले. खाली बघत होते, पण आमच्याकडं न्हाय, फक्त घोडीकडं.

आक्कानं आता लगाम वढला. पहिल्यांदा वढला असंल जलमात. मल्लिगी हलंना. टक, टक. गल्लीच्या दोन्ही तोंडाला माणसं जमायला लागली. बलभीम उतरायला लागला, तशी चांगुणा म्होरं आली. “बस रं वर,” म्हणली. तिच्या हातात लग्नाचा तांब्या होता. तिनं आण्णासाहेबांच्या फरशीवर, दाराच्या अगदी म्होरं, घोडीच्या पायावर पाणी घातलं. पदराच्या गाठीतनं गूळ काढला आन् तळहातावर धरला. मल्लिगीनं खाल्ला, मान हालवली आन् चालू लागली. ह्या गावच्या घोडीला त्या दारात गूळ कुणी द्यायचा, ते ठरलेलं होतं. चांगुणानं दिला.

दगड आला न्हाय, शिवी आली न्हाय. लगीन पार पडलं. मी म्हणलं, “आक्का, काय झालं न्हाय की वो.” आक्का म्हणली, “म्हणूनच म्हणते, झोपू नगंस.”

पण दोन दिसांचं थकलेलं अंग. ओसरीवर बसल्या जागी दोघींचाबी डोळा लागला. फटफटायला चांगुणाच्या हाकेनं उठले. नवी सून घरात आलेली, आन् ही केस मोकळे सोडून धावत आलेली. “झरा बुजवला. दगडं टाकून पार बुजवला. वस्तीत थेंब न्हाय.”

आम्ही पागेत धावलो. घोडी दोन्ही नीट उभी. आन् दगडी डोणीत पाणी. काल रातीला कोरडी ठणठणीत असलेली डोण निम्मी भरलेली. तांबूस पाणी. मल्लिगी दाव्याला हिसके देत होती, जीभ बाहेर, दावं आखूड म्हणून तोंड पोचत नव्हतं. आक्कानं वाकून वास घेतला. “गूळ,” म्हणली. तिचा चेहरा असा झाला की मी मागं सरले. “गोड करून घातलंय. एंड्रीन हाय ह्यात, पिकावर फवारायचं इष. सोसायटीत डबे पडल्यात एंड्रीनचे.”

मी काय बोलायच्या आत आक्कानं डोणीला खांदा लावला आन् पालथी केली. पाणी मातीत गेलं. मल्लिगीनं असा आवाज काढला की अजून माझ्या कानात हाय. ती वल्ली माती चाटायला खाली वाकली, तर आक्कानं तिच्या तोंडावर मारलं. जलमात हात उगारला नव्हता त्या बाईनं. मारलं आन् तिच्या गळ्यात पडून रडली.

मग एक गाठोडं बांधलं. “इथं ठेवली तर मारतील. माझ्या माहेरी न्हेते, बसवकल्याणच्या अंगाला. भीमा तुझ्याकडं ठेव, त्याच्यावर कुणाचा राग न्हाय.” ऊन चढायच्या आत ती मल्लिगीला घेऊन सडकेला लागली. मी तिला अडवलं न्हाय. मलाबी तसंच वाटत होतं.

दुपारी दगडाबाई आल्या. मागच्या बोळातनं, काठी टेकत, पदर कपाळावर वढून. उलथलेली डोण बघितली. “प्याली का गं घोडी?” म्हणल्या. “लेकानं कोंडून घातलं मला. दार उघडलं न्हाय काल. माझा नेम चुकला. म्हणून पहाटं कामाच्या पोरीच्या हातानं दोन घागरी धाडल्या चोरून. गूळ जरा जास्तच घातला, उपाशी असंल म्हणून.”

मी खाली बसले. आमच्या पायापाशी चिमण्या त्या वल्ल्या मातीत चोची घालीत होत्या. सकाळपासनं घालीत होत्या, एकबी मेली नव्हती.

मी सडकेनं पळत सुटले. उमरग्याच्या पलीकडं, तुरोरीच्या अलीकडं आक्का भेटली, लिंबाच्या झाडाखाली. मल्लिगी आडवी होती. जीभ काळी पडलेली. आक्का पदरानं तिच्या तोंडावरच्या माश्या वारीत होती. उमरग्यात माणसांनाच पाणी पुरंना, घोडीला कोण देतंय; मग ट्रकवाल्यांना हात केले म्हणे तिनं, पाण्यासाठी. एक थांबला, तवर उशीर झाला होता.

मी शेजारी बसले. माश्या वारता वारता आक्कानं विचारलं, “इरे, त्या पाण्यात काय होतं गं? कळलं का?”

“इष होतं, आक्का,” मी म्हणलं. “तुमी बरोबर वळखलं.”

तिनं मान हालवली आन् मल्लिगीच्या कपाळाचे गोंडे सोडायला लागली.